तुमचं यंत्र खोटं कुठे बोलतं?

मागच्या सेमिस्टरची गोष्ट. सिम्युलेशनच्या प्रॅक्टिकलला आम्ही बीमवरचा लोड दहापट केला, तरी ग्राफ आपला सरळ रेषेतच! बीम तुटायचं नाव घेईना. विचारलं, तर उत्तर मिळालं, "सॉफ्टवेअर म्हणतंय ना? मग लिहा जर्नलमध्ये!" लिहिलं. सबमिशन झालं. कुणाचंच काही बिघडलं नाही.

पण मित्रांनो, हेच वैमानिकांच्या सिम्युलेटरवर झालं तर?

१२ नोव्हेंबर २००१. अमेरिकन एअरलाइन्सचं एअरबस ए३००-६०० न्यूयॉर्कहून उडालं आणि पुढच्या जम्बोने मागे सोडलेल्या हवेच्या भोवऱ्यात सापडलं. सहवैमानिकाने रडरचे पेडल आलटून-पालटून जोरात दाबले. शेपटीचा उभा भागच तुटला. विमानातले २६० आणि जमिनीवरचे ५ जण गेले. २००४ च्या चौकशी अहवालाने सहवैमानिकाच्या चुकीसोबत रडरच्या रचनेकडे आणि कंपनीच्या प्रशिक्षणाकडेही बोट दाखवलं. तिथल्या सिम्युलेटरच्या एका सरावात विमान अवाच्या सवा कलंडायचं आणि काही क्षण कंट्रोल दादच द्यायचे नाहीत. असा सराव केलेल्याला खरा भोवराही तसाच भयंकर वाटला, तर दोष एकट्या त्याचाच का?

युरोपात सिम्युलेटरवर शिकवणाऱ्याकडे वैमानिकाचा परवाना असावा किंवा पूर्वी असलेला असावा लागतो. म्हणजे निवृत्त वैमानिकही शिकवू शकतो. यात मला वावगं काहीच दिसत नाही, अनुभव हवाच. पण नुसते उड्डाणाचे तास मोजून भागत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. सिम्युलेटर हे शेवटी एक मॉडेल. चाचणीत मिळालेल्या आकड्यांपर्यंत ते खरं, त्यापुढे निव्वळ अंदाज. आणि गंमत म्हणजे अंदाजही ते तितक्याच ऐटीत दाखवतं! अमेरिकेने २०१६ मध्ये नियम सुधारले. विमान सावरण्याचा असा सराव देताना ते खात्रीच्या हद्दीबाहेर गेलं की काय, हे आता प्रशिक्षकाला स्क्रीनवर दिसावं लागतं. चांगलंच झालं. पण स्क्रीनचा अर्थ लावणारा तयारीचा नको का?

म्हणून प्रशिक्षकाच्या व्हायवाला पहिला प्रश्न हाच असावा: तुमचं यंत्र खोटं कुठे बोलतं? ज्याला उत्तर येत नाही, त्याने शिकवू नये. मग तास कितीही असोत.

आमचा बीम का तुटला नाही, ते मला नंतर लायब्ररीत कळलं. मॉडेल फक्त इलॅस्टिक हद्दीपुरतं होतं. हे एक वाक्य तेव्हाच कुणी सांगितलं असतं तर?