बेनापोलपर्यंतची वाट

दिवाळीच्या सुमारास वर्धा जिल्ह्यातल्या कारंजा (घाडगे) तालुक्यात संत्र्याच्या आंबिया बहाराची तोड सुरू झालेली असते आणि बागायतदाराला भेटणारा प्रत्येक जण एकच विचारतो : सौदा झाला का? कितीत गेली बाग? कारंजा, आष्टी, आर्वी आणि पलीकडे वरुड, काटोल, नरखेड हा सगळा संत्रापट्टा या दिवसांत त्या एका उत्तरावर जगतो. ते उत्तर गेली काही वर्षे कारंज्यात ठरत नाही, नागपूरच्या कळमना बाजारातही पुरते ठरत नाही. बरेचसे ठरते इथून सव्वा हजार किलोमीटरवर, पश्चिम बंगालमधल्या पेट्रापोलच्या पलीकडे, बांगलादेशातल्या बेनापोल नाक्यावर. म्हणून यंदाचा दिवाळी अंक आम्ही शेजारी देशांशी चालणाऱ्या व्यापाराला वाहिला आहे.

ज्यांची बाग नाही त्या वाचकांसाठी सौद्याची रीत सांगायला हवी. फळ हिरवे असतानाच व्यापारी बागेत फिरतो, झाडे नजरेखालून घालतो, फळगळ किती झाली, कोळशी कितपत आहे ते पाहतो आणि अख्ख्या बागेचा आकडा बोलतो. पटले तर इसार देतो, उरलेली रक्कम तोडीच्या वेळी. मधल्या काळात भाव पडला की फळाची पत घटल्याचे कारण पुढे येते, तोड लांबते, कधी इसारावर पाणी सोडून व्यापारी पाय काढतो. पिकलेले संत्रे झाडावर थांबत नाही. मग जो येईल त्याला, देईल त्या भावात बाग द्यावी लागते. ढाक्यात निघालेली आयात शुल्काची अधिसूचना नेमकी या मधल्या काळात आली, तर तिचा सगळा भार ज्याने ती कधी वाचलीही नाही त्याच्या डोक्यावर पडतो.

बांगलादेश हा नागपुरी संत्र्याचा सर्वांत मोठा परदेशी ग्राहक. एकेका वर्षात लाख टनांच्या पुढे माल तिकडे गेलेला आहे. २०१९ च्या सुमारास किलोमागे वीसेक रुपये असलेले तिथले आयात शुल्क चढत चढत २०२३ मध्ये ८८ रुपयांवर गेले. बागेत शेतकऱ्याच्या हाती पडणाऱ्या भावाच्या हे कितीतरी पट होते. राज्य सरकारने २०२३ च्या अखेरीस त्यातला निम्मा भार, किलोमागे ४४ रुपये, उचलायचे ठरवले आणि सुमारे १७० कोटींची तरतूद जाहीर केली. अडचणीच्या वेळी पुढे केलेला हात म्हणून त्याचे मोल आम्ही मानतो. पण आपल्या करदात्याच्या पैशातून परक्या देशाचे शुल्क भरायचे, हे किती वर्षे चालणार? त्यांनी शुल्क आणखी वाढवले की आपण अनुदान आणखी वाढवायचे का?

बांगलादेशाला दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. त्या देशावर काय गुदरली होती तेही पाहिले पाहिजे. २०२२ मध्ये त्याची डॉलरची गंगाजळी आटू लागली आणि मे महिन्यात शंभरावर वस्तूंवर नियामक शुल्क बसले. त्यात फळेही आली. आणि आपण काय केले? सप्टेंबर २०१९, सप्टेंबर २०२० आणि डिसेंबर २०२३ अशी तीन वेळा कांद्याची निर्यात एकाएकी बंद केली. बांगलादेशातल्या स्वयंपाकघरात त्याची झळ पोचली, तशी ती लासलगावच्या शेतकऱ्यालाही पोचली. नाशिकचा कांदा आणि कारंज्याचे संत्रे एकाच अविश्वासाचे बळी आहेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

वास्तविक दक्षिण आशियात मुक्त व्यापाराचा करार आहे. जानेवारी २००४ मध्ये इस्लामाबादच्या सार्क परिषदेत साफ्टा नावाच्या या करारावर सह्या झाल्या, १ जानेवारी २००६ पासून तो लागू झाला. तरीही या देशांचा आपसातला व्यापार त्यांच्या एकूण व्यापाराच्या जेमतेम पाच टक्के राहिला. आग्नेय आशियातल्या आसियान देशांत तो वीस टक्क्यांच्या वर आहे. करारातली फट अशी की, सवलत मूळ सीमाशुल्कापुरती. त्याच्यावर नियामक शुल्क, पूरक शुल्क असे थर चढवता येतात आणि संवेदनशील वस्तूंची यादी वेगळीच. हे थर बांगलादेश हौसेने चढवत नाही. देशातल्या देशात कर गोळा करणारी यंत्रणा दुबळी असली की सरकार तिजोरी नाक्यावर भरते. साफ्टा लिहिणाऱ्यांना हे ठाऊक होते. अल्पविकसित सदस्यांना तांत्रिक साहाय्य द्यावे, शुल्क कमी केल्याने महसूल बुडाला तर काही वर्षे त्याची भरपाई करावी, अशी तरतूद त्यांनी करारातच केली. ती कागदावरून पुरती खाली उतरली नाही, हे आपल्या पट्ट्याचे दुर्दैव.

शेजाऱ्याची क्षमता वाढवणे म्हणजे त्याच्यावर उपकार, अशी समजूत आपल्याकडे आहे. पण नाक्यावर उभे राहून पाहा. भारतीय ट्रक बेनापोलच्या आवारात शिरतो, तिथे क्रेट उतरतात, हमाल ते बांगलादेशी ट्रकमध्ये चढवतात, तोवर कागद या टेबलावरून त्या टेबलावर जातात. वातानुकूलन नसलेल्या गाडीत कारंजा-वरुडहून निघालेले फळ आधीच तीन-चार दिवसांचे असते. तिथे शीतगृह असेल, अधिकारी संगणकावर आगाऊ कागद तपासत असतील, आपल्या प्रयोगशाळेचा दाखला ते मान्य करत असतील, तर वाचणारा प्रत्येक दिवस कारंज्याच्या सौद्यात उतरेल. बांगलादेश, भूतान, भारत आणि नेपाळ यांच्यात मोटार वाहतुकीचा करार १५ जून २०१५ रोजी थिंपूत झाला. तो नीट चालला असता तर ही उतर-चढच टळती. त्याच महिन्यात भारत आणि बांगलादेश यांच्या मानक संस्थांनी सहकार्याचा करार केला. भारत १९६४ पासून आयटेक कार्यक्रमातून विकसनशील देशांच्या अधिकाऱ्यांना प्रशिक्षण देत आला आहे. म्हणजे साधने आपल्यापाशी आहेत. ती सीमाशुल्क, फळतपासणी आणि करवसुली या कामांकडे वळवायला हवीत.

अलीकडे तर वारे उलटेच आहे. एप्रिल २०२५ मध्ये भारताने बांगलादेशाची मालबदलीची (ट्रान्सशिपमेंट) सोय काढून घेतली, त्याच महिन्यात त्यांनी जमिनीवरच्या नाक्यांतून सूत घेणे थांबवले, मे महिन्यात आपण त्यांच्या तयार कपड्यांना त्या नाक्यांवर अटकाव केला. सूत म्हणजे शेवटी कापूस, आणि कापूस म्हणजे पुन्हा वर्धा जिल्हा. अशा वेळी मदतीची भाषा काहींना रुचणार नाही. आम्ही ती जाणूनबुजून करतो आहोत, कारण भांडणाची किंमत मोजणारे लोक आमच्या तालुक्यात राहतात.

आपले घरही सावरायचे आहे. कारंज्यात पणन मंडळाचे संत्रा सुविधा केंद्र आहे. फळ धुऊन, मेण चढवून, आकाराप्रमाणे वेगळे करण्याची सोय तिथे आहे. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. नागपुरात लिंबूवर्गीय फळांची राष्ट्रीय संशोधन संस्था १९८५ पासून काम करते. एवढे असूनही एकाच देशावर इतके विसंबून राहणे बरे नव्हे. दुबई, कतार इथे फळ पाठवायचे तर सारख्या आकाराचे, डागविरहित फळ हवे आणि त्याची सुरुवात बागेतल्या छाटणीपासून होते.

बांगलादेशाचे आर्थिक वर्ष जुलैत सुरू होते, अर्थसंकल्प जूनमध्ये येतो. आपल्याकडे बागांचे सौदे त्यानंतर होतात. तेव्हा दोन्ही सरकारांनी निदान एवढे लिहून द्यावे : शेतमालावरचे शुल्क वा बंदी हंगामाच्या मध्यात बदलायची नाही, बदललीच तर आधी सौदा झालेल्या मालाला ती लागू होणार नाही. ही मागणी घेऊन दिल्लीने ढाक्याकडे जावे. त्याआधी आपल्या कांद्यालाही तोच नियम लावावा. संयुक्त राष्ट्रांच्या वेळापत्रकाप्रमाणे २४ नोव्हेंबर २०२६ रोजी बांगलादेश अल्पविकसित देशांच्या यादीतून बाहेर पडायचा आहे. त्याच्या सवलती जातील, शुल्काचे थर उतरवण्याचा दबाव वाढेल आणि त्याला नवे करार लागतील. बोलणी करायची ती याच काळात, आणि त्या टेबलावर संत्र्याचे नाव कुणीतरी घेतले पाहिजे.