ग्रेनोब्लचे शस्त्रवैद्य आणि आमचे अण्णा

गेल्या चातुर्मासापासून आमचे थोरले बंधू अण्णा पंक्तीला बसत नाहींत. वरणाची वाटी ओठांशीं नेतां नेतां निम्मी धोतरावर सांडते, आणि सुनांच्या देखत तसें व्हावें हें त्यांना सोसत नाहीं. रोग कंपवात. माधवनिदानांत यासच वेपथु म्हटलें आहे. (गीतेंतील अर्जुनाचा वेपथु विषादाचा होता, तो उपदेशानें गेला, अण्णांचा तसा जाणारा नव्हे.) मेंदूंत विजेची तार बसविण्याची शस्त्रक्रिया करावी कीं नाहीं, यावर घरांत दोन महिने वाद चालला आहे. त्या निमित्तानें ही विद्या काढणाऱ्या पुरुषाची हकीकत आम्हीं मिळवून वाचली.

आलीम-लुई बेनाबीद यांचा जन्म १९४२ सालीं फ्रान्सांत, ग्रेनोब्ल शहराजवळ झाला. पदार्थविज्ञान शिकावें कीं वैद्यक, हें त्यांचें बराच काळ ठरेना. अखेर दोन्हीं शिकले. १९७० त वैद्यकाची पदवी आणि १९७८ त पदार्थविज्ञानाची डॉक्टरेट. आमच्या शाळेंत अशा मुलास धरसोड्या म्हणत. आम्हींही कोणास म्हटलें असेल.

कंपवातावरील लेव्होडोपा हें औषध आरंभीं गुणकारी असतें. पण कांहीं वर्षांनीं पुष्कळांच्या अंगास वेडेवांकडे हिसके बसूं लागतात. औषधास न जुमानणाऱ्या कंपावर शस्त्रवैद्य मेंदूच्या थॅलॅमस नामक भागांतील लहानसा अंश जाळून टाकीत. जाळलेलें पुन्हां येत नाहीं, आणि दोन्हीं बाजूंस जाळल्यास वाणी बिघडण्याचें भय. म्हणून अगोदर त्या जागीं तार घालून किंचित् वीज सोडीत व जागेची खात्री करून घेत. रोगी जागा असे, कारण मेंदूला स्वतःला वेदना कळत नाहीं. १९८७ मध्यें अशाच एका परीक्षेच्या वेळीं बेनाबीद यांनीं विजेच्या ठोक्यांची गति बदलून पाहिली. सेकंदास शंभराच्या सुमारास ठोके जातांच रोग्याचा हात स्थिर झाला. वीज थांबविली, हात कांपूं लागला. पुन्हां सुरू केली; पुन्हां स्थिर! आजवर जी जाळण्याची पूर्वतयारी होती, तोच उपचार कां होऊं नये, असें त्यांच्या मनानें घेतलें. मग तार मेंदूंतच ठेवून तिचें यंत्र गळ्याच्या हाडाखालीं, कातडीच्या आंत बसविण्याची रीत निघाली.

पुढें अमेरिकेंतील महलन डीलाँग व त्यांचे सहकारी यांनीं १९९० मध्यें माकडांवरील प्रयोगांनीं दाखविलें कीं, सबथॅलॅमिक न्यूक्लियस या इवल्याशा केंद्राचा अतिरेक शमविल्यास कंपाबरोबर अंगाचा ताठरपणाही उतरतो. १९९३ पासून ग्रेनोब्लला तेथेंच तार बसवूं लागले. २०१४ चें लास्कर पारितोषिक डीलाँग व बेनाबीद या दोघांस मिळून देण्यांत आलें. आतां मुंबई-पुण्यासही ही शस्त्रक्रिया होते.

रोग मात्र यानें मुळापासून जात नाहीं. बोलणें व तोल यांस फारसा गुण येत नाहीं, आणि मेंदूंत रक्तस्राव होण्याचा धोका थोडा असला तरी खरा आहे. वहिनींचा विरोध आहे तो याच कारणानें, आणि तो आम्हांस अडाणीपणाचा वाटत नाहीं.

परवां हें सर्व आम्हीं अण्णांस वाचून दाखविलें. त्यांनीं एकच विचारलें, "यंत्र बंद केलें तर हात पूर्वीसारखा कांपेल ना?" आम्हीं होय म्हटलें. "म्हणजे माझें कांहीं जाळीत नाहींत," असें म्हणून त्यांनीं संमतिपत्र मागवून घेतलें. सही करण्यास पाव तास लागला. वहिनी तेवढा वेळ दाराशीं उभ्या होत्या.