पदवी हाती आली, आडनावाचे काय?

हिंजवडीच्या राजीव गांधी इन्फोटेक पार्कमध्ये नोकरी करणाऱ्या आपल्या समाजातील काही पदवीधर तरुण-तरुणींशी मध्यंतरी एका रविवारी बोलण्याचा योग आला. कोणी अभियंता, कोणी वाणिज्य शाखेची पदवीधर, तर कोणी समाजशास्त्रात एम. ए. करून कॉल सेंटरमध्ये रात्रपाळी करणारा. बहुतेकांचे आईवडील मराठवाड्यात नाहीतर विदर्भात राबणारे. समाजकल्याणचे वसतिगृह आणि शिष्यवृत्ती यांच्या आधाराने ही मुले इथवर आली. विषय ठरला होता : आपण शिकलो काय, मिळवले काय आणि आपण आहोत कोण? पहिल्या दोन प्रश्नांवर सगळे भरभरून बोलले. तिसऱ्या प्रश्नावर कोणी तोंड उघडेना.

अखेर एक अभियंता म्हणाला, "सर, ऑफिसात मी वडिलांचे नावच आडनाव म्हणून सांगतो. सहा वर्षे झाली." मग एकेकाला कंठ फुटला. दुसरा १४ एप्रिलची रजा टाकताना कारण म्हणून 'घरगुती काम' लिहितो. एका तरुणीला फ्लॅट भाड्याने देण्यापूर्वी मालकाने पूर्ण नाव, मूळ गाव आणि घरात काय शिजते, हे सारे विचारून घेतले. घर मिळाले, पण बाबासाहेबांची तसबीर तिने कपाटाच्या आतल्या बाजूला लावली आहे.

या मुलांना भित्री म्हणणे फार सोपे आहे. आम्ही तसे म्हणणार नाही. १९१७ साली बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू व्हायला निघालेले बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले होते. तरीही त्या शहरात त्यांना कोणी जागा दिली नाही. पारशांच्या धर्मशाळेत त्यांना पारशी नाव सांगून राहावे लागले आणि खरी ओळख कळताच लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. डोक्यावर छप्पर नसलेला हा महापंडित कामाठी बागेत बसून रडला. हे त्यांनी स्वतःच्या आठवणींत लिहून ठेवले आहे. म्हणजे नाव लपवण्याची पाळी आमच्या उद्धारकर्त्यावरही आली होती. मात्र बाबासाहेबांनी त्या अपमानाचे गाठोडे मनात दडपून ठेवले नाही. तो जगासमोर मांडला आणि ज्या व्यवस्थेने तो केला तिच्याविरुद्ध आयुष्यभर लढा दिला. हिंजवडीच्या तरुणांनी बडोद्याचा प्रसंग वाचावा तो इथपर्यंत वाचावा.

आता प्रश्न असा, की त्यांची भीती खरी की मनाचा खेळ? डॉ. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांचा अभ्यास २००७ साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त प्रसिद्ध झाला. त्यांनी वर्तमानपत्रांतील जाहिराती पाहून खासगी कंपन्यांकडे सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी पाठवले. दलित आडनावाच्या अर्जदाराला पुढचे बोलावणे येण्याची शक्यता सवर्ण आडनावाच्या अर्जदारापेक्षा सुमारे एक-तृतीयांशाने कमी आढळली. शिक्षण तेच, गुण तेच, फरक फक्त आडनावाचा! 'आम्ही फक्त गुणवत्ता पाहतो' असे सांगणाऱ्यांनी याचे उत्तर द्यावे.

गुणवत्तेची चाळणी तरी कशी आहे? अनेक कंपन्या कॅम्पस मुलाखतीसाठी दहावी, बारावी आणि पदवी अशा तिन्ही ठिकाणी सलग साठ टक्क्यांची अट घालतात, मध्ये वर्ष वाया गेलेले चालत नाही. ज्याच्या घरात त्याच्याआधी कोणी दहावी झाले नाही, त्याचे एक वर्ष नापिकीने, आजारपणाने किंवा इंग्रजीच्या धास्तीने गेले तर तो दारातच अडतो. दुसरी वाट ओळखीची. कंपनीत असलेल्याने शिफारस करायची आणि आपला माणूस आत घ्यायचा. ज्यांचे मामा-काका आधीच आत बसले आहेत त्यांनाच ही वाट सापडते. शहरात ज्यांच्या पहिल्याच पिढीने पाऊल ठेवले, त्यांची शिफारस कोण करणार?

कायद्याचे बोलायचे तर संविधानाच्या कलम १६(४) प्रमाणे आरक्षण हे राज्यसंस्थेच्या नोकऱ्यांत आहे. सरकारी नोकऱ्या आटत गेल्या आणि रोजगार जिथे वाढला तिथे हे कलम पोहोचत नाही. २००४ साली केंद्रातील संयुक्त पुरोगामी आघाडीने खासगी क्षेत्रातील आरक्षणावर राष्ट्रीय संवाद करण्याचे वचन किमान समान कार्यक्रमात दिले होते. २००६ मध्ये उद्योगपतींच्या संघटनांनी ऐच्छिक आचारसंहितेवर विषय निभावून नेला. ऐच्छिक म्हणजे वाटले तर करू, नाही तर नाही.

पण म्हणून आपण अगदी निःशस्त्र आहोत काय? मुळीच नाही. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याचे कलम ४ कोणत्याही नोकरीच्या बाबतीत अस्पृश्यतेच्या कारणावरून आडकाठी करणे हा गुन्हा ठरवते. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा खासगी कंपनीच्या दारात थांबत नाही. अडचण पुराव्याची आहे. नाकारणारा कधीच कारण सांगत नाही आणि टोमणा मारणारा साक्षीदार ठेवत नाही. म्हणूनच जिथे जातीवाचक वागणूक मिळेल तिथे तारीख, वेळ, उपस्थितांची नावे लिहून ठेवा, ई-मेल जपून ठेवा. वकिलीत इतकी वर्षे काढल्यावर आम्ही खात्रीने सांगतो, की अर्धा खटला कागदावर जिंकला जातो.

महिलांच्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३ च्या कायद्याने दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक कार्यालयात अंतर्गत समिती सक्तीची केली. मग जातीय छळाविरुद्ध तशीच समिती का नको? तिकडे अमेरिकेत जून २०२० मध्ये कॅलिफोर्निया राज्याच्या यंत्रणेने सिस्को कंपनीवर दावा लावला. आरक्षणातून शिकल्याचे वरिष्ठाने सहकाऱ्यांना सांगितले आणि पुढे डावलले, असा एका दलित अभियंत्याचा आरोप होता. कंपनीने आरोप नाकारले आणि दोन वरिष्ठांवरील वैयक्तिक दावा २०२३ मध्ये मागे घेतला गेला, हे खरे. पण त्याच वर्षी फेब्रुवारीत सिएटल शहराने जातिभेदावर कायद्याने बंदी घातली. सातासमुद्रापलीकडच्या नगर परिषदेला जे दिसते ते हिंजवडीत दिसू नये?

एक गोष्ट आपल्या पदवीधरांनाही सांगितली पाहिजे. १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याला बाबासाहेबांनी शिकलेल्या वर्गाबद्दल जी खंत व्यक्त केली ती आपण दरवर्षी आठवतो आणि दुसऱ्या दिवशी विसरतो. ज्या शिष्यवृत्तीवर आपण शिकलो ती काही कोणाची मेहेरबानी नव्हती. ती मागच्या पिढ्यांच्या लढ्याची कमाई होती. ती फेडायची तर महिन्यातला एक रविवार द्या. गावाकडच्या मुलांना मुलाखतीची तयारी करून द्या, अर्ज कसा लिहायचा ते दाखवा, कंपनीत जागा निघाली तर आपल्या होतकरू मुलांची शिफारस करा. इतरांच्या ओळखी चालतात, मग आपल्यालाच संकोच का?

आणि ओळखीचा कस लवकरच लागणार आहे. जातीच्या नोंदीसह होणाऱ्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ठरली आहे. २०११ मध्ये महाराष्ट्रात ६५ लाखांहून अधिक बौद्ध नोंदले गेले. धर्म बौद्ध लिहिला तर सवलती जातील, ही भीती १९९० च्या कायदादुरुस्तीनंतर निराधार आहे. भाड्याच्या फ्लॅटच्या दारात प्रगणक उभा राहील तेव्हा धर्म 'बौद्ध' आणि जात प्रमाणपत्रावर आहे तीच, असे स्पष्ट सांगा. शेजारी ऐकतील, ऐकू द्या.

त्या रविवारी निघताना ती तरुणी म्हणाली, "सर, पुढच्या वेळी माझ्याकडे या. तसबीर बाहेरच्या खोलीत लावते." आम्ही जाणार आहोत. जयभीम!