गुणपत्रिका तिची, निर्णय घराचा

दहावीचा निकाल लागला की दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत ठरलेला मथळा असतो: यंदाही मुलींचीच बाजी. यंदा तो वाचल्यापासून आम्हाला स्वस्थता नाही. २०२५ च्या दहावीत राज्यात मुलींचा निकाल ९६.१४ टक्के, मुलांचा ९२.३१. मुलींनी हे कष्टाने मिळवलं आहे. पण ही झाली नुसत्या उत्तीर्णांची टक्केवारी. गणितात कोण पुढे, भाषेत कोण, हे तिच्यातून कळत नाही.

शिक्षणाच्या ‘असर’ अहवालासाठी २०२३ मध्ये झालेल्या पाहणीत चौदा ते अठरा वयाची ग्रामीण मुलं-मुली होती. प्रादेशिक भाषेच्या वाचनात मुली पुढे. गणितात आणि इंग्रजी वाचनात मुलगे. अकरावीपासून पुढे विज्ञान-तंत्रज्ञानाची वाट धरणारे मुलगे ३६.३ टक्के, मुली २८.१. मुलींचा मेंदूच गणिताचा नाही म्हणावं, तर २०२२ च्या ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय शालेय चाचणीत काही देशांमध्ये गणितातही मुलीच सरस ठरल्या. आणि बुद्धीचाच प्रश्न असेल, तर नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावतीत अकरावीच्या प्रवेशाच्या दिवसांत मोहर्ली रस्त्यावरच्या एका गावातले वडील भेटले. मुलीच्या गुणपत्रिकेवर गणिताचे गुण मराठीपेक्षा जास्त. अर्ज मात्र कला शाखेचा. “प्रॅक्टिकल असलं त् पोरगीले उशीर होते, सर. वाघाचा रस्ता आहे.” ती शेजारी उभी होती, काही बोलली नाही. त्या बापाला दोष देववत नाही. मुलींना एसटीचा पास बारावीपर्यंत मोफत आहे, पण प्रॅक्टिकल सुटल्यावर गाडीच नसेल तर तो पास दप्तरातच राहतो. गणित ती परीक्षेत हरलेली नाही, बसच्या वेळापत्रकात हरली आहे.

मुलग्यांचीही काळजी वाटते. नापास झालेला पोरगा आपल्याकडे खाणीवर, नाही तर ठेकेदाराकडे लागतो, आणि त्याची कुठे बातमी होत नाही. त्याला भाषा का जड गेली, हे विचारायला कुणी थांबत नाही.

भाषेवरून वाद झाला तो वेगळाच: पहिलीपासूनच्या तिसऱ्या भाषेवरून राज्यात रान पेटलं, जून २०२५ अखेर त्याबाबतचे शासन निर्णय मागे घेतले गेले. पावसाने सोयाबीन आणि कापसाचे हाल केले, त्यावर आत लेख आहेत. या अंकाचा विषय ‘जंगलाकाठची माणसं’ आहे. ती गप्प उभी राहिलेली मुलगी आमच्या लेखी त्यांच्यातलीच.

परीक्षा मंडळाने निकालाच्याच दिवशी विषयवार, मुलगे-मुली वेगळे, जिल्हानिहाय आकडे ठळकपणे द्यावेत, एसटीने प्रॅक्टिकलच्या वेळा विचारून गाड्या सोडाव्यात, ही आमची मागणी आहे. आणि भद्रावती, वरोरा, चिमूरकडच्या वाचक शिक्षकांनो, आपापल्या शाळेचे असे आकडे, मुलांची नावं वगळून, आम्हाला पाठवा. पुढच्या निकालाआधी आम्ही ते छापू.