डब्यातला जवला आणि भिंतीवरचा कागद

गेल्या महिन्यात आमच्या गोदामाच्या जेवणाच्या खोलीत एक कागद चिकटला : ‘उग्र वासाचे पदार्थ आणू नयेत.’ कागदावर नाव कुणाचंच नव्हतं, पण सगळ्यांनी वळून पाहिलं ते माझ्या डब्याकडे.

मी भिवंडीजवळच्या आगरी गावातला. गोदामात आवक-जावक लिहितो. जून-जुलैत यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, म्हणून आमच्याकडे मे महिन्यातच आगोट भरून ठेवतात : सुके बोंबील, सोडे, वाकट्या, जवला. मग पावसाळाभर डब्यात तांदळाची भाकरी आणि जवल्याची कोशिंबीर.

काम दहा मिनिटांचं. जवला पाखडून, निवडून घ्यायचा, नाहीतर दाताखाली वाळू येते. मंद आचेवर कोरडाच भाजायचा. बोटांनी चुरला की कुरकुरला पाहिजे. कांदा, टोमॅटो, हिरवी मिरची, कोथिंबीर बारीक चिरायची. टोमॅटोचा गर काढून टाकायचा. मीठ चाखूनच, कारण जवल्याला अंगचा खारटपणा असतो. मी जवला वेगळ्या डबीत नेतो आणि जेवायला बसल्यावरच मिसळतो, म्हणजे मऊ पडत नाही. 2023 च्या जुलैत टोमॅटो किलोला शंभरी ओलांडून गेला, तेव्हा जवला भरपूर आणि टोमॅटो नावाला, अशी उलटी कोशिंबीरही खाल्ली.

वास येतो, हे मी नाकारत नाही. भाजताना तर शेजारच्या घरापर्यंत जातो. पण माझा आक्षेप निवडीला आहे. हायवेवरच्या कॉफीच्या दुकानातून साहेब टोमॅटो आणि सलामीचं सॅलड मागवतात. त्यालाही लसणाचा, खारवलेल्या मांसाचा वास असतोच. तो ‘फ्लेवर’ आणि आमचा तो ‘उग्र’! खरं तर दोन्हींमागची युक्ती एकच : मीठ, धूर, ऊन यांपैकी काहीतरी वापरून नासणारं अन्न टिकवायचं आणि घाईच्या दिवशी टोमॅटोच्या आंबटपणात मिसळायचं.

आमच्यातला एक सहकारी गोव्याचा. सुट्टीवरून येताना त्याने एकदा शोरीस आणले होते. डुकराचं मांस मीठ, मिरची, लसूण आणि व्हिनेगरमध्ये मुरवून आतड्यात भरलेलं. डबा उघडण्याआधी त्याने टेबलावरच सांगून टाकलं, ‘यात डुक्कर आहे हां.’ कोकणी मुसलमान मित्राने आपला डबा उचलला, पलीकडच्या टेबलावर ठेवला आणि तिथूनच गप्पा चालू ठेवल्या. दुसऱ्या दिवशी तिघे पुन्हा एका टेबलावर. हे भिवंडी आहे. मागावर, गोदामात, हॉटेलात वेगवेगळ्या ताटांची माणसं शेजारी बसतात आणि असं बोलूनच निभावतात. कागदाने कुणाशी बोलणं होत नाही. तो फक्त एकाला खाली मान घालून जेवायला लावतो.

ज्यांना वासाचा खरोखर त्रास होतो त्यांचीही सोय हवीच. मालकांनी खोलीत हवा बाहेर फेकणारा पंखा बसवावा आणि खिडकीजवळचं एक टेबल सुक्या मासळीवाल्यांना द्यावं. कागद मात्र काढावा.

तोवर मी खिडकीजवळ बसतो. समोर तोच कोकणी मित्र असतो. जवला त्याच्याही घरचा. लिंबू तो आणतो.