ढेकूण आणि अब्रू

घरात साप निघाला तर माणूस दहा जणांना बोलावून सांगतो. विंचू निघाला तर चहा पिता पिता त्याची लांबी बोटांनी दाखवतो. उंदीर, झुरळे, पाली यांच्याविषयीही आपण चारचौघांत मोकळेपणाने बोलतो. पण ‘आमच्या घरी ढेकूण झालेत’ असे उघड सांगणारा गृहस्थ मला अजून भेटायचा आहे. ढेकूण नेहमी आगगाडीत असतात, हॉटेलात असतात, फार तर शेजाऱ्याकडे असतात. आपल्या घरी चावतात ते डास!

ही लाज मुळात आली कोठून, याचे मला मराठीचा मास्तर म्हणून कुतूहल आहे. पंचतंत्रात ढेकणाची गोष्ट आहे. तिथे त्याचे नाव अग्निमुख, आणि त्याचा मुक्काम कोणा भिकाऱ्याच्या झोपडीत नव्हे, तर साक्षात राजाच्या पलंगावर! तिथे आधीपासून राहणाऱ्या मंदविसर्पिणी नावाच्या उवेकडे तो पाहुणा म्हणून येतो, घाईने राजाला चावतो आणि फटीत पसार होतो. मारली जाते ती बिचारी ऊ. राजाच्या बिछान्यात ढेकूण कसा, असा प्रश्न त्या गोष्टकाराला पडला नाही. पुढे मात्र कुसंगतीचा दाखला द्यायचा तर आपल्या संतांनाही ढेकूणच आठवला, आणि आता तर ढेकूण म्हणजे गलिच्छपणा, ढेकूण म्हणजे दारिद्र्य, हे समीकरण आपल्या मनात पक्के बसले आहे.

या समीकरणाची खरी किंमत मला कळली ती झरी जामणीला. यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचा हा तालुका. पैनगंगा ओलांडली की तेलंगण. दोन वर्षांमागे मे महिन्यात माझ्या मावसभावाच्या मुलीचे तिथे लग्न होते. नागपूरकडची वऱ्हाडी मंडळी सीमांतपूजनाला आदल्या दिवशीच आली. जानवसा शाळेच्या दोन खोल्यांत दिला होता, आणि गाद्या बिछायतवाल्याकडून भाड्याने आणल्या होत्या. लग्नसराईतली गादी म्हणजे एसटीची सीटच. आज या गावच्या जानवशात, उद्या त्या गावच्या!

पहाटे चारच्या सुमारास जानवशातले दिवे लागले. मी चहाची किटली घेऊन गेलो तेव्हा पाहुणे ओळीने बसून होते. कोणी मान खाजवीत होते, कोणी दंड. व्याही म्हणाले, “डास बरेच आहेत हो तुमच्याकडे.” मी “हो ना,” म्हणालो. गादीच्या शिवणीवरचे काळे ठिपके त्यांनाही दिसत होते, मलाही दिसत होते. पण लग्नघरात तो शब्द उच्चारायचा कोणी?

दादांच्या कानावर ही गोष्ट गेली मात्र, त्यांचा चेहरा उतरला. मुहूर्त संध्याकाळचा, म्हणजे पाहुण्यांना अजून एक रात्र काढायची होती. त्यांनी पुतण्याला हळूच बाजूला घेतले आणि गोठ्यातल्या फळीवरचा कपाशीवर फवारायच्या औषधाचा डबा काढायला सांगितले. पंपाने सगळ्या गाद्यांवर एक हात मारला की काम झाले! ओसरीवर तांदूळ निवडत बसलेल्या आत्याबाईंनी ते ऐकले.

“काहून रे बाप्पा? कपाशीचं औषध मानसाच्या अंथरुनावर मारतेत का? त्याच्यावर लेकरं झोपतीन नं!”

“आत्याबाई, हळू बोला. पाहुने आयकतीन.”

“आयकू दे. अब्रू काय गादीत शिवली हाय काय? ऊन का इकत आनाव लागते आपल्याले?”

आत्याबाईंचे बोलणे तोंडातल्या तोंडात कधीच नसते. ते जानवशापर्यंत गेले. व्याही बाहेर आले, क्षणभर घुटमळले आणि म्हणाले, “खरं सांगू का, तीन वर्षांपूर्वी आमच्याही घरी झाले होते. सहा महिने आम्ही कोणाला बोललो नाही.” मग काय, एकेकाला कंठ फुटला! विहीणबाईंनी आपल्या घरच्या दिवाणाची हकिकत सांगितली. पुतण्याने डबा परत फळीवर ठेवला. भाड्याच्या गाद्या गेल्या त्या पावली परत गेल्या, आणि रात्री पाहुणे गच्चीवर धुतलेल्या सतरंज्यांवर घोरत पडले.

आत्याबाईंनी तो डबा का अडवला, हे या जिल्ह्यात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. २०१७ साली याच यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो जणांना दवाखान्यात न्यावे लागले. उघड्या रानात, वाहत्या वाऱ्यात ज्या औषधाने माणसे गेली, ते बंद खोलीतल्या उशीवर शिंपडायचे म्हणजे काय, याचा विचार वाचकांनीच करावा. धान्यातली कीड मारण्याच्या गोळ्यांचेही तसेच. हवेतल्या ओलाव्याने त्यांतून फॉस्फिन नावाचा विषारी वायू सुटतो. २०१५ साली कॅनडातल्या फोर्ट मॅकमरे गावी एका कुटुंबाने ढेकणांसाठी अशाच गोळ्या घरात ठेवल्या, आणि आठ महिन्यांचे तान्हे मूल त्यात गेले. ढेकूण माणसाला रोग देतो असे आजवर दिसून आलेले नाही. तो झोप घेतो, जीव घेत नाही. जीव जातो तो त्याला चोरून मारण्याच्या घाईत.

बरे, विषाने तो हटतो म्हणावे तर तेही नाही. डीडीटीचा कीटकनाशक गुण पाउल म्युलर यांनी १९३९ साली शोधून काढला, १९४८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पण त्याच्या आदल्याच वर्षी, १९४७ साली, हवाई बेटांवर डीडीटीला दाद न देणारे ढेकूण सापडले होते! आपल्याकडे १९५३ पासून हिवतापाच्या मोहिमेत घरोघर डीडीटी फवारली गेली. पहिली काही वर्षे ढेकूणही नाहीसे झाले. पुढे ते परतले, ते ही फवारणी पचवूनच. माणसाने नवे औषध काढावे आणि ढेकणाने चार पिढ्यांत त्याची सवय करून घ्यावी, असा हा सामना चालू आहे.

आणि गलिच्छपणाचे म्हणाल, तर २०२३ साली पॅरिससारख्या शहरात आगगाड्यांपासून चित्रपटगृहांपर्यंत ढेकणांचा बोभाटा झाला. ढेकणाला पंख नाहीत. तो आपल्या बॅगेतून, भाड्याच्या गादीतून, जुन्या विकत घेतलेल्या कपाटातून येतो. त्याला हवे असते माणसाचे रक्त, घरमालकाचे उत्पन्न तो विचारत नाही. उपास काढण्यातही त्याचा हात धरणारा नाही. रक्ताविना तो कित्येक महिने राहू शकतो, म्हणून खोली महिनाभर बंद ठेवून तो मरेल ही आशा व्यर्थ आहे.

त्याला खरी भीती आहे ती उष्णतेची. ५० अंश सेल्सिअसच्या वर तो आणि त्याची अंडी फार वेळ तग धरत नाहीत. चादरी, अभ्रे कढत पाण्यात भिजवावेत, खाटेच्या सांध्यांत उकळते पाणी ओतावे. मे महिन्यातले विदर्भाचे ऊन मोठे कामाचे. मात्र गादीची एक बाजू तापली की ही मंडळी थंड बाजूला सरकतात, तेव्हा जाड गादीचे काम एकट्या उन्हाने होत नाही. हलके कपडे काळ्या प्लॅस्टिकमध्ये बांधून उन्हात ठेवल्यास अधिक चांगले. अंडी आठ-दहा दिवसांत फुटतात, म्हणून पंधरवड्याने सारे पुन्हा करावे. एवढ्याने भागले नाही तर प्रशिक्षित माणसाला बोलवावे, आणि तो आला असताना शेजाऱ्यांपासून लपवू नये. भिंत एक असली तर ढेकूणही एकच असतात.

दिवाळीच्या सुटीत आपण गावोगाव जाल. मुक्कामी पोचल्यावर बॅग पलंगावर टाकण्याआधी गादीच्या शिवणीवरून एकदा नजर फिरवा. काळे ठिपके दिसले तर यजमानाला प्रेमाने सांगा. आणि पाहुण्याने तुम्हाला सांगितले, तर रागावू नका. त्याला चहा जास्तीचा द्या.