मुक्त प्रवेशाचा जकातनाका

विद्वत्तेच्या क्षेत्रात 'मुक्त' हे विशेषण आता इतके पवित्र झाले आहे की, मुक्ती नेमकी कोणाची, असे विचारणारा प्रतिगामी ठरण्याचा संभव असतो. तरीही हा प्रश्न विचारणे समीक्षेला टाळता येणार नाही. १४ फेब्रुवारी २००२ रोजी प्रसृत झालेल्या बुडापेस्ट जाहीरनाम्याने संशोधनपर लेखन सर्वांना विनामूल्य वाचता यावे, अशी भूमिका घेतली. श्रीमंतांचे ज्ञान गरिबांपर्यंत जाईल आणि गरिबांचेही श्रीमंतांपर्यंत पोहोचेल, हे त्याचे आश्वासन होते. या दुहेरी वाहतुकीपैकी पहिली बाजू बऱ्याच अंशी सुरू झाली. दुसऱ्या बाजूवर जकातनाका उभा राहिला.

वाचकाची वर्गणी जिथे सुटली, तिथे बड्या व्यापारी प्रकाशकांनी खर्च आणि नफा हे दोन्ही लेखकाच्या खात्यावर टाकले. 'लेखप्रक्रिया शुल्क' हे त्याचे सभ्य नाव. 'नेचर'ने २०२१ पासून लेख मुक्त ठेवण्यासाठी ९,५०० युरो, म्हणजे त्या वेळच्या दराने आठ लाखांहून अधिक रुपये, आकारण्यास प्रारंभ केला. साहित्यविचाराच्या नियतकालिकांतले आकडे एवढे मोठे नसतात, आणि त्यांतील कित्येक शुल्क घेतही नाहीत. परंतु जिथे ते घेतले जाते तिथे तर्क हाच असतो.

या व्यवस्थेचे समर्थक म्हणतात की, परिघावरचे लेखक दिसत नाहीत ते गुणवत्तेअभावी. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास या खुलाशाचा आधारच काढून घेतो. एल्सव्हिअरच्या काही नियतकालिकांना पूर्णतः मुक्त अशी जुळी भावंडे होती. दोहोंचे संपादक मंडळ आणि स्वीकृतीचे निकष एकच. अशा ३७,००० हून अधिक लेखांच्या पाहणीत मुक्त लेखांच्या प्रमुख लेखकांचे भौगोलिक वैविध्य वर्गणीच्या लेखांहून लक्षणीयरीत्या कमी आढळले. मुक्त जुळ्यांत तर अल्प उत्पन्नाच्या देशांतील लेखकांचा एकही लेख नव्हता. संपादक तेच आणि निकषही तेच असताना जो फरक उरतो, तो लेखकाच्या खिशाकडेच बोट दाखवतो.

दुसरा युक्तिवाद शुल्कमाफीचा. तो दिसतो तितका उदार नाही. माफी देशांच्या यादीवरून ठरते, आणि कित्येक मोठ्या प्रकाशकांच्या पूर्णमाफीच्या यादीत भारत बसत नाही. देशाचे एकूण उत्पन्न मोठे, म्हणून नांदेड वा सावंतवाडीच्या महाविद्यालयातील मराठीचा अध्यापकही श्रीमंत, असे हे गणित आहे. शिवाय माफी ही याचना असते. ज्याला प्रत्येक लेखामागे आपले दारिद्र्य सिद्ध करावे लागते, त्याला विद्वत्सभेचा समान सभासद म्हणणे हा शब्दच्छल होय.

मराठी वाङ्मयपरंपरेला हा भेद नवा वाटू नये. तुकोबांच्या काळी शूद्राने कीर्तनाला बसावे, हरिकथा ऐकावी, यास प्रतिबंध नव्हता. आक्षेप त्यांच्या कवित्वावर होता, आणि परंपरा सांगते की, त्यापायीच त्यांच्या वह्या इंद्रायणीत गेल्या. श्रवणाची मुभा आणि वाणीचा अधिकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली देऊन दुसरी नाकारणारी व्यवस्था स्वतःला उदार म्हणवू शकते. मात्र प्रमाण काय हे ठरवण्याची सत्ता ती हातची सोडत नाही. साहित्यविचारात याचा परिणाम असा होतो की, सिद्धान्त एका भूगोलात लिहिले जातात आणि इतरांच्या संहिता त्यांची उदाहरणे म्हणून उरतात.

भारतीय धोरणही या विभागणीतून सुटलेले नाही. २५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने 'एक राष्ट्र, एक वर्गणी' योजनेसाठी तीन वर्षांकरिता ६,००० कोटी रुपये मंजूर केले. सुमारे १३,००० नियतकालिके त्यामुळे सरकारी शिक्षणसंस्थांना खुली होतात, हा लाभ लहान नाही. पण एवढे द्रव्य तीस आंतरराष्ट्रीय प्रकाशकांकडे जात असताना देशी भाषांतील संशोधनपर नियतकालिके संपादकांच्या पदरमोडीवर जगतात, ही विसंगती नजरेआड करता येत नाही.

दुसरा मार्ग अस्तित्वात आहे. ब्राझीलमध्ये १९९७ साली आरंभलेला 'सायेलो' सार्वजनिक निधीवर उभा राहिला. मेक्सिकोतील विद्यापीठाने चालवलेल्या 'रेदालिक'ने वाचक वा लेखक कोणाकडूनही शुल्क न घेणारी नियतकालिके एकत्र आणली. स्पॅनिश आणि पोर्तुगीज या भाषा तेथे ज्ञानाच्या भाषा म्हणून वावरतात. मराठीलाही हे अपरिचित नाही. साठोत्तरी लघुनियतकालिकांनी, आणि तेव्हाच्या औरंगाबादहून निघालेल्या 'अस्मितादर्श'ने, पुण्या-मुंबईच्या प्रस्थापित पानांवर ज्यांना जागा नव्हती त्यांना लेखक केले. त्यासाठी कोणाकडून प्रवेशशुल्क घेतले नाही. विद्यापीठांनी आपल्या निधीचा अल्पसा वाटा जरी अशा नियतकालिकांचे संपादन, परीक्षण आणि जतन यांसाठी राखला, आणि पदोन्नतीच्या वेळी लेख कोठे छापला याऐवजी त्यात काय म्हटले आहे हे वाचण्याचे कष्ट घेतले, तर हा नाका ओस पडू लागेल. तोवर 'मुक्त' या शब्दापुढे प्रश्नचिन्ह ठेवणेच प्रामाणिकपणाचे होईल.